उंदीर, ऱ्हस्व-दीर्घ

काल रात्री पावणेबाराला
सोलापूर आवृत्तीचं पान एक माझ्या टेबलावर आलं.
‘डायलिसिसला कायमचा रामराम?’
मी ‘लि’ पाहिली, ‘सि’ पाहिली, दोन्ही ऱ्हस्व.
खाली मूत्रपिंडाचा मू दीर्घ केला.
प्रश्नचिन्हाला हात लावला नाही,
ते संपादकांचं असतं.
मथळा दोनदा वाचला,
एकदा चुका शोधायला,
एकदा उगाच.

सकाळी सात. सात रस्त्याजवळचं सेंटर.
खुर्ची नंबर पाच, सोमवार-गुरुवार ती माझी.
सुई टोचली, रक्त नळीतून फिरायला निघालं.
चार तास.
गावातल्या सगळ्या भाषांतून एकच बातमी वाचायला
पुरेसा वेळ.

शेजारी नरसप्पा गुंटुक. बत्तीस वर्षं यंत्रमागावर,
अजून मागाच्या खडखडाटावरून ओरडावं तसा बोलतो.
त्याच्या तेलुगू पेपरात शास्त्रज्ञाचं गाव आहे,
दहावीचे मार्क आहेत,
लाडू भरवणारी आई आहे.
औषध त्या फोटोमागे राहिलं असावं.

गुरुसिद्धप्पा बिराजदारांच्या कन्नड पेपरानं थेट भाव छापलाय,
अंदाजे चौदा लाख.
ते छताकडे बघत विचारतात,
‘नव्या पेठेतला गाळा केवढ्याला जाईल हो आता?’

हनीफ बागवान उजवीकडून वाचतात,
त्यामुळे बातमी आधी आपल्यालाच भेटते म्हणतात.
‘तजुर्बा अभी इब्तिदाई है.’
म्हणजे?
‘म्हणजे घाई नको.’
त्याच्याच खाली चौकटीत एक हकीम,
तीन दिवसांत खडा विरघळवणारा.

टीव्हीवर लालभडक मूत्रपिंड गरगर फिरतंय,
आवाज बंद. सिस्टर रेश्मानं रिमोट लपवलाय.
इंग्रजी पेपरही तिच्याच पर्समधला.
अकराव्या पानावर, सिमेंटच्या जाहिरातीला टेकून
बोटभर मजकूर.
तिनं उभ्याउभ्या मराठीत सांगितला:
अठरा उंदीर. सहा महिने.
चार मेले. बाकीच्यांचं बरं दिसतंय.
माणसांचं अजून काही ठरलेलं नाही.

नरसप्पासुद्धा गप्प.
पंप तेवढे चालू.

मी आमचं पान पुन्हा उघडलं.
चौदाव्या ओळीत बातमी तुटते,
‘उर्वरित पान सातवर’.
पान सातवर साड्यांचा सेल.
उंदीर तिथंच कुठंतरी पदराखाली गेलेला.

उंदीर. ‘दी’ दीर्घ.
सामान्यरूपात ती दीर्घ ई गळून पडते : उंदरांवर.
नियम मला पाठ आहे.
काल अख्खा प्राणी गळून पडला
आणि मी अनुस्वार तपासत बसलो.

समोरच्या खुर्चीत बालामणी कोंड्याल.
अक्षर येत नाही, आकडे येतात.
पूर्वी दिवसाला हजार विड्या, आता तीनशे,
सुईच्या दिवशी एकही नाही.
‘ओ पेपरवाले, ते पान द्या की मला.’
मी म्हणालो, ‘अहो, ते उंदरांवर...’
‘माहीत हाय की.’

तिनं फाईल उघडली.
रिपोर्ट, योजनेचं कार्ड,
आणि पत्रा ठेवून विडीचं पान कातरावं तशी
एकाच मापाची अकरा कात्रणं,
नऊ वर्षांची.
‘पोरगा वाचून दाखवतोय. दर बारी उंदीरच बरं होतंय.
होऊ द्या की.
कुणाचं तरी होतंय.’

सुईचा हात हलवायचा नसतो,
म्हणून कागद दातात धरला
आणि पिशवीतली विडीची कातर
उजव्या हातानं सरळ चालवली.
मथळा तिच्या फाईलीत गेला.
प्रश्नचिन्ह मापात बसलं नाही,
ते माझ्या अर्ध्या पानावर राहिलं.

आज रात्री पुन्हा पाळी आहे.